मस्तानी आणि कपाळातली कळ

पुण्यात राहून मस्तानी प्यायची नाही, तर एप्रिल-मे काढायचे कसे? माझ्या बाबतीत मात्र हा प्रश्न घरच्यांनी भलताच गंभीरपणे घेतला होता. चार मोठे घोट पोटात गेले की दोन्ही भुवयांच्या मधोमध अशी कळ उठायची, की डोळे गच्च मिटून कपाळ दाबत बसायचे मी. मिनिटभरात ती जायचीही, पण तेवढ्यात आजूबाजूला निदानं सुरू झालेली असायची. सासूबाईंच्या मते डोक्यात कफ साठला होता, नवऱ्याच्या मते चष्म्याचा नंबर वाढला होता. मला धास्ती वेगळीच. अर्धशिशी कॉलेजपासून पाठीशी लागलेली. ही तिचीच नवी तऱ्हा तर नव्हे?

शेवटी अर्धशिशीच्या डॉक्टरांनाच विचारलं. त्यांनी आधी एवढंच विचारलं, "टिकते किती वेळ?" मी सांगितल्यावर त्या हसल्याच. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात या कळेची वेगळी नोंद आहे म्हणाल्या. गार पदार्थ टाळूला किंवा घशाला लागला की उठते, तो गिळून झाला की दहा मिनिटांच्या आत थांबते. टाळू एकदम गारठली की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि लगेच फुगतात, असं मानतात. त्याची वर्दी मेंदूकडे नेणारी ट्रायजेमिनल नस कपाळाचीही खबर नेते, म्हणून गारठा टाळूला आणि दुखणं कपाळाला. अर्धशिशीवाल्यांना हा त्रास जास्त होतो, एवढा माझा संशय खरा निघाला. पण तासन् तास ठणकणारं, उजेड नकोसा करणारं ते दुखणं निराळं.

"मग मस्तानी बंद करू?"

"कशाला? हळू प्या की."

हळू पिण्याने खरंच फरक पडतो का, हे कॅनडातल्या १३ वर्षांच्या एका मुलीने वडिलांच्या मदतीने तपासलं होतं. शाळेतल्या १४५ मुलांना आइस्क्रीम दिलं; निम्म्यांनी ते पाच सेकंदांत संपवायचं, बाकीच्यांनी अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ घेऊन. घाई करणाऱ्यांपैकी २७ टक्क्यांचं डोकं दुखलं, सावकाश खाणाऱ्यांपैकी १३ टक्क्यांचं. २००२ साली हे 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या नाताळ अंकात छापून आलं. सातवीतल्या भाचीला सांगितलं, तर म्हणाली, "मावशी, आमच्या शाळेत असे प्रयोग का नाही देत?"

माझ्या मते खरी खोडी स्ट्रॉची. ओढलेला गार घोट थेट टाळूवरच जाऊन आदळतो. म्हणून स्ट्रॉ बाजूला ठेवून वरचा आइस्क्रीमचा गोळा आधी चमच्याने खाते, आणि घोट जिभेवर जरा घोळवून मग गिळते. तरी कळ आलीच, तर जीभ टाळूला चिकटवून धरायची, किंवा साधं पाणी घोटभर प्यायचं. कळ लवकर उतरते.

उसाचा रस बिनबर्फाचा मागता येतो. अडतं ते बर्फाच्या गोळ्यापाशी. काडीवरचा कालाखट्टा हळू खायला गेलं तर पाक कोपरापर्यंत ओघळतो, आणि सुर्रकन ओढला तर कपाळ धरावं लागतं. आता मी गोळेवाल्याकडून तो ग्लासात घेते. "ताई, काडीची मजा ग्लासात नाही," तो दर वेळी ऐकवतो, आणि ते खरंच आहे. सासूबाईंनी कफाचा मुद्दा अजून सोडलेला नाही.