बेंबळीची शीव, तीन पुस्तके आणि एक फासा

१/ भूमिका-खेळाची मोहीम रचायची म्हटली की बहुतेकांचा हात कादंबरीकडे किंवा चित्रपटाकडे जातो. वास्तविक या खेळप्रकाराच्या जन्मामागे एक रुक्ष, कथेतर ग्रंथ आहे. तो ग्रंथ कोणता, आणि त्याच वाटेने धाराशिव तालुक्यातील बेंबळीची मोहीम कशी रचता येईल, याविषयी हा धागा. 🧵

२/ १८८० साली अमेरिकी सैन्यातील अधिकारी चार्ल्स टॉटन यांचा ‘स्ट्रॅटेगॉस’ हा युद्धसरावाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात पंचाला विलक्षण अधिकार होता. नियमांत नसलेली चालही खेळाडूने करून पाहावी आणि तिचा परिणाम पंचाने ठरवावा! पुढे हा ग्रंथ मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली यांच्या हाती लागला.

३/ १९६९ मध्ये वेस्ली यांनी नेपोलियनकालीन ‘ब्राउनश्टाइन’ या कल्पित जर्मन नगराचा खेळ मांडला. खेळाडूंच्या वाट्याला फौजांऐवजी माणसे आली: कोणी नगराध्यक्ष, कोणी विद्यापीठाचा कुलपती, प्रत्येकाचा हेतू निराळा. त्या मंडळींतील डेव्ह आर्नेसन यांनीच पुढे गॅरी गायगॅक्स यांच्यासह १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ घडवला.

४/ यातून सूत्रधाराने घ्यायचे ते एवढेच: कथेतर पुस्तकातून कथानक उचलू नये. कोणाला काय हवे होते आणि कोणाला काय करता येत नव्हते, या दोन गोष्टी टिपाव्यात. कथानक टेबलाभोवती आपोआप उभे राहते.

५/ आता बेंबळीचा परिसर. मे १८५३ मधील करारानुसार, कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी निजाम नासिर-उद-दौला यांच्याकडून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गकडील मुलूख कंपनीच्या कारभाराखाली गेला. १८६० मध्ये रायचूर आणि धाराशिव निजामाला परत मिळाले. मोहिमेला आरंभ आणि शेवट इतिहासानेच दिला आहे: अवघी सात वर्षे.

६/ पहिले पुस्तक मेडोज टेलर यांचे आत्मचरित्र, ‘स्टोरी ऑफ माय लाइफ’. ठगांवरील कादंबरीमुळे (१८३९) गाजलेले हे गृहस्थ १८५३ पासून नळदुर्गाचा कारभार पाहत होते आणि किल्ल्यातच राहत होते. आत्मचरित्र त्यांच्या निधनानंतर, १८७७ मध्ये, प्रसिद्ध झाले. जमिनीची मोजणी आणि महसुलाची व्यवस्था यांचे चित्र त्यात मिळते. मात्र सारे साहेबाच्या खुर्चीवरून पाहिलेले.

७/ दुसरे पुस्तक त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५). पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, अलुतेदार. प्रत्येकाचे काम आणि प्रत्येकाचा हक्क. हे वर्णन इंग्रजी मुलखातील गावांचे आणि अर्धशतकानंतरचे, म्हणून ते बेंबळीला जसेच्या तसे लावता येत नाही. तरीही भूमिकांची एवढी तपशीलवार यादी मराठीत दुसरीकडे क्वचितच सापडेल.

८/ सापळा इथेच आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये खेळाडू योद्धा किंवा जादूगार व्हायचे स्वतः निवडतो. गावगाड्यात ती निवड कोणालाच नव्हती. म्हणून बेंबळीच्या मोहिमेत पहिला फासा जन्माचा पडावा. त्यात जे येईल ते बदलता येणार नाही, हा पहिला नियम.

९/ तिसरे पुस्तक दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८). ‘गावगाड्या’त जो शब्द व्यवस्थेचा भाग म्हणून येतो, तोच इथे एका दलित आत्मकथनाचे नाव झाला आहे. शब्द एक, उभे राहण्याच्या जागा दोन. एका पुस्तकातून गावाचा नकाशा मिळतो. दोन पुस्तकांचे पटेनासे झाले की खेळ सुरू होतो.

१०/ प्रसंग कल्पू या. नळदुर्गाहून मोजणीदार आले आहेत. बेंबळी आणि शेजारच्या गावात शिवेचा तंटा आहे. पाटलाला चार बिघे जास्त हवेत, कुलकर्ण्याचे दप्तर अर्धवट आहे, साहेबाला पावसापूर्वी काम उरकायचे आहे. शीव नेमकी कुठे, हे वेसकर महाराला ठाऊक आहे. ज्याचे घर वेशीबाहेर, त्याच्या शब्दावर साऱ्या गावाची जमीन ठरणार! तो काय सांगेल? आणि खरे सांगितल्यावर त्याच्या बलुत्याचे काय होईल?

११/ हा प्रश्न सोपा नाही. टेबलाभोवतीच्या एखाद्याच्या पणजोबांनी खरोखरच वेस राखलेली असू शकते. दुसऱ्याच्या पणजोबांनी त्यांना वाड्याच्या पायरीशी थांबवलेले असू शकते. म्हणून अपमान करमणुकीसाठी वठवायचा नाही, कोणालाही कोणत्याही क्षणी खेळ थांबवता येईल, आणि हे बोलणे फासा पडण्यापूर्वीच व्हावे.

१२/ सूत्रधाराने टिपणवहीत दोन शाया वापराव्यात: पुस्तकात आहे ते काळ्या शाईत, कल्पिलेले ते निळ्या. वेसकराच्या पानावर निळी शाई सर्वाधिक सांडेल, कारण १८५३ च्या वेसकराने स्वतःचे पुस्तक मागे ठेवलेले नाही. ते पान सर्वांना दाखवावे.

१३/ शेवटचा डाव १८६० चा. मुलूख निजामाकडे परत जातो. प्रत्येकाने आपल्या पात्राच्या तोंडून सांगावे, या सात वर्षांत आपले काय बदलले. आधी साहेब, मग पाटील, मग कुलकर्णी. वेसकराला शेवटी बोलू द्यावे, आणि त्याच्यानंतर सूत्रधाराने काही बोलू नये.

(धागा समाप्त)