शालेय क्रिकेटचे श्रेष्ठ फलंदाज आणि बोईसरचे अंतर

१/ मुंबई परिसराच्या शालेय क्रिकेटमधील श्रेष्ठ फलंदाज कोण? धावांनी क्रम लावला तर प्रणव धनावडे (नाबाद १००९, २०१६) पहिला. त्याच्याखालच्या नावांपैकी काही: पृथ्वी शॉ (५४६, २०१३), सर्फराज खान (४३९, २००९), विनोद कांबळी (नाबाद ३४९) आणि सचिन तेंडुलकर (नाबाद ३२६), दोघेही १९८८ च्या एकाच सामन्यातले.

२/ या पाचांत तळाशी असलेला तेंडुलकर पुढे जगात अग्रस्थानी पोचला. म्हणजे हा क्रम भविष्य सांगत नाही. अंतर तर तो मोजतच नाही.

३/ पालघरचा शार्दूल ठाकूर बोईसरच्या तारापूर विद्यामंदिरात शिकत होता. बोरिवलीच्या संघाविरुद्ध खेळताना तो प्रशिक्षक दिनेश लाड यांच्या नजरेत भरला. रोजचा प्रवास झेपणारा नव्हता. लाड यांनी त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. पुढे हॅरिस शील्डमध्ये त्याने एका षटकात सहा षटकार मारले. छत्तीसच धावा, वरच्या यादीत त्यांना जागा नाही.

४/ शार्दूलचे रणजी पदार्पण २०१२ चे. विरारपुढची लोकल डहाणूला पोचली २०१३ मध्ये.

५/ त्या वाटेवरच्या ज्या मुलांना कुणी लाड भेटले नाहीत, त्यांची यादी कोणी केलेली नाही.