आधी येईल त्याची कपार

आमच्या बुलढाण्याकडे मासे पिशवीतून येतात. पावसाळ्यात ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या टेम्पोतून उतरवायच्या, धरणाच्या पाण्यावर थोडा वेळ तशाच तरंगू द्यायच्या आणि मग गाठ सोडून बोटुकली मोकळी करायची. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. म्हणून तिन्ही एकत्र सोडतात. लहानपणापासून हेच पाहत आल्यामुळे पाण्यातली वाटणी माणूसच करून देतो, असं मनात बसलं होतं.

ते मालवणात मोडलं.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचा हा समुद्र 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. जानेवारीत होडीतून निघालो. उतरायच्या आधी बरोबरच्या पोराने बजावलं, "काका, दगडार पाय ठेवू नका हां. ता जिवंत आसा." लक्षद्वीपसारखी फांद्यांची दाट रानं इथं नाहीत, खडकांवर चढलेली, गोलसर, मातकट रंगाची प्रवाळं आहेत. डोकं पाण्याखाली गेलं आणि आधी दिसलं काहीच नाही, ऐकू मात्र आलं. गरम तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज, सगळीकडून, न थांबता.

तो आवाज प्रामुख्याने चिमटा वाजवणाऱ्या कोळंबीचा. प्रवाळातल्या बहुतेक माशांची पिल्लं अंड्यातून बाहेर पडली की उघड्या समुद्रात वाहत जातात, काही आठवडे तिथंच वाढतात आणि मग याच कलकलाटाच्या आणि पाण्यातल्या वासाच्या मागाने प्रवाळाकडे वळतात, तीही बहुतेक रात्री. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मला फार आवडतो. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफवर मोडकळीस आलेल्या प्रवाळांपाशी पाण्याखाली ध्वनिवर्धक ठेवून धडधाकट प्रवाळाचे आवाज 40 दिवस वाजवले. आवाज नसलेल्या जागांपेक्षा तिथं दुप्पट मासे जमले.

पण पोचलं म्हणजे जागा मिळाली असं नाही. पहिल्या एक-दोन दिवसांतच निम्म्याहून अधिक पिल्लं कुणाच्या तरी तोंडी जातात. कपारी थोड्या, उमेदवार फार. 1970 च्या दशकात पीटर सेल या संशोधकाने तिथल्याच छोट्या माशांवर नजर ठेवली, तेव्हा रिकामी झालेली जागा अमुकच जातीला मिळते असं काही आढळेना. वेळेवर हजर असेल त्याची ती. त्यांनी याला सोडतीची उपमा दिली. घरांची सोडत ठाऊक असलेल्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. अर्थात सगळंच नशिबावर नाही. कुणी शेवाळ खरवडतं, कुणी प्रवाळाचे जीव टिपतं. आणि अंधार पडला की दिवसाचे मासे कपारीत शिरतात, तिथं दिवसभर दडलेले बाहेर निघतात. एकच खोली, दोन पाळ्या.

एका खडकाशी तळहाताएवढा मासा दिसला, अंगावर पाच काळे पट्टे. सार्जंट मेजर म्हणतात त्याला. खडकावर जांभळट डाग होता. मी जवळ गेलो तसा तो थेट माझ्या चष्म्याच्या काचेवर धडकला, मागे सरला, पुन्हा धडकला. डाग म्हणजे अंड्यांचा थर, आणि राखणदार बाप. मी हटेपर्यंत तो हटला नाही.

थोड्या वेळाने शेजारच्या होडीतून कुणी पावाचे तुकडे टाकले. क्षणात पट्टेरी माशांचा ढग उसळला. फोटो छान आले असतील. पण कपारीतला एकही मासा पावाकडे फिरकला नाही. मिळालं ते फक्त धीट माशांना. मला ते अजिबात आवडलं नाही. पुढच्या वेळी जाल तेव्हा नावाड्याला आधीच सांगा: पाव नको.

परतल्यावर एका सकाळी येळगाव धरणावर गेलो. काठाशी उतरून डोकं पाण्याखाली घातलं आणि श्वास पुरेल तितका वेळ कान देऊन राहिलो. तडतड नव्हती. दूरवरच्या पंपाची घरघर तेवढी येत होती.