भोपळा आणि नळी

वैनगंगेच्या काठी, मार्कंड्याच्या देवळापासून फार लांब नाही अशा एका खेड्यात माझे लहानपण गेले. आमच्या घराच्या आढ्याला दोन वाळलेले भोपळे टांगलेले असत. उन्हाळ्यात नदी उतरली की ते खाली निघत, दोरीने एकमेकांना जोडले जात आणि गावातल्या एकेका पोराच्या पाठीवर चढत. भोपळा बांधून पाण्यात उतरायचे, हातपाय मारायचे आणि एके दिवशी भोपळ्यावाचून पलीकडची वाळू गाठायची, एवढाच आमचा अभ्यासक्रम. त्या दिवसानंतर भोपळ्याला हात लावणे ही नामुष्की समजली जाई.

माझे धाकटे काका गावातले सर्वांत निष्णात पोहणारे. १९८३ च्या पावसाळ्यात पलीकडे अडकलेली गाय आणायला ते डोंग्यातून निघाले. आजीने भोपळे काढून पुढे केले. काका हसले आणि म्हणाले, "भोपरा पोट्ट्यायले लागते. मले कायले?" डोंगा मधल्या धारेत उलटला. काका तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडले. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो आणि भोपळ्यासह पोहत होतो. त्यानंतर मी नदीत उतरलो नाही.

एवढे जुने सांगण्याचे कारण एक अगदी किरकोळ वाटणारा प्रश्न आहे. पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्रात बुडी मारणाऱ्याने स्नॉर्कल, म्हणजे पृष्ठभागावर तोंड पाण्यात ठेवून श्वास घेण्याची ती वाकडी नळी, बरोबर बाळगावी की नाही? चंद्रपूरसारख्या कोळशाच्या आणि जंगलाच्या गावात मराठी शिकवणाऱ्या माणसाला या प्रश्नाशी काय कर्तव्य, असे कोणीही विचारील. पण पंचेचाळिशीत, पाण्याची भीती एकदाची संपवावी म्हणून, मी मालवणला जाऊन स्कूबा शिकलो आणि तिथे हा प्रश्न माझ्यापुढे आढ्यावरच्या भोपळ्यासारखा येऊन लोंबकळू लागला.

प्रशिक्षणात नळी दिली जाते. ती मास्कच्या पट्ट्याला डाव्या बाजूने अडकवतात, कारण हवेचा पाइप उजव्या खांद्यावरून येतो. पण बोटीवर जुने पाणबुडे पाहावेत तर बहुतेकांच्या मास्कला नळी नसते. त्यांची कारणे पोकळ नाहीत. पाण्याखाली नळीचा काही उपयोग नाही. ती प्रवाहात मास्क ओढते. जाळ्यात किंवा दोरात अडकू शकते. शिवाय पृष्ठभागावर आल्यावर जाकिटात हवा भरून उताणे पडले की तोंड आपोआप पाण्याबाहेर राहते. हे सारे खरे आहे. तरीही त्यांच्या बोलण्यात मला आणखी एक स्वर ऐकू येई. नळी म्हणजे नवखेपणाची खूण. तो स्वर माझ्या ओळखीचा होता.

आमचे शिकवणारे गृहस्थ मालवणचेच, मासेमारीच्या घरातले. पाचव्या बुडीला मी नळी बोटीतच ठेवली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मास्तरांनू, नळी घेवा. वजन काय तिचा?" मी घेतली नाही. पाचव्या बुडीचा माणूस चौथ्या बुडीच्या माणसाकडे जरा वरूनच पाहतो.

त्या दिवशी खाली सारे सुरेख झाले. संकट वर होते. बारा लिटरच्या टाकीत दोनशे बार दाबाने सुमारे २,४०० लिटर हवा मावते, पण दहा मीटरवर दाब दुप्पट असल्याने ती दुप्पट वेगाने सरते, आणि घाबरट माणसाची त्याहून लवकर. नियम असा की पन्नास बार उरेपर्यंत वर यावे. मी तीस घेऊन आलो, आणि आलो तो बोटीपासून बराच दूर. मधल्या वेळात वारा उठला होता. बोट दुसऱ्या जोडीला उचलत होती. लाटा मोठ्या नव्हत्या. आखूड आणि लागोपाठ होत्या. पहिली काही मिनिटे टाकीतली हवा घेतली. काटा खाली जाताना दिसला तसे रेग्युलेटर तोंडातून काढले आणि पुढच्याच लाटेने घसा खाऱ्या पाण्याने भरला. जोडीदार ओरडत होता की जाकिटात हवा भर, उताणा हो. मला ते ठाऊक होते. हात मात्र ऐकत नव्हते. त्या क्षणी मला वैनगंगेची मधली धार दिसली, असे लिहिले तर ते नाटकी होईल. मला फक्त बोटीतली नळी आठवली. जोडीदाराने जवळ येऊन माझ्या जाकिटात हवा भरली, मला उलटे केले, आणि मी वाचलो.

मग नळीने काय झाले असते? प्रामाणिकपणे पाहता, उताणे होणे पुरेसे होते आणि नळीवाचून ते झाले. उसळत्या पाण्यात नळीतही लाट शिरते. पण तोंडाला ओळखीची वस्तू मिळाली असती, टाकीची हवा राखून ठेवता आली असती, तोंड पाण्यात ठेवून बोटीच्या दिशेने पोहता आले असते. काकांच्या बाबतीतही मी असेच म्हणेन. भोपळ्याने ते वाचले असते असा माझा दावा नाही. भरल्या वैनगंगेपुढे दोन भोपळे ते काय! माझे म्हणणे त्यांच्या हसण्याबद्दल आहे.

नळीची एक मर्यादा इथे सांगितली पाहिजे, कारण तीच तिचे मोल ठरवते. नळी लांब करून खोल जाता येत नाही. मीटरभर खालीच पाण्याचा दाब छाती इतकी आवळतो की वरची हवा आत ओढणे माणसाला जड जाते. शिवाय लांब नळीत आपलाच उच्छ्वास परत फिरतो. म्हणून तिची लांबी हातभरापेक्षा कमीच असते. हे साधते ते हत्तीला. ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या अवयवांवरील ग्रंथात हत्तीच्या सोंडेची तुलना पाणबुड्यांच्या श्वसनसाधनाशी केली आहे. आपल्या फुप्फुसाभोवती द्रवाचा पातळ थर असलेली फट असते. हत्तीत त्या जागी संयोजी ऊतक भरलेले असते. सोंड वर ठेवून पाण्यातून जाताना पडणारा दाब सोसण्यासाठी ही रचना असावी, असा तर्क शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन वेस्ट यांनी या शतकाच्या आरंभी मांडला. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडच्या बाजूने रानहत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला, तेव्हा नद्या ओलांडणाऱ्या त्या सोंडांचा विचार माझ्या मनात अनेकदा आला. हत्तीला नळी सोडून देण्याची सोयच नाही. तो कितीही निष्णात झाला तरी ती तोंडावर राहते.

आपल्याला मात्र ती सोय आहे आणि तिचा आपण उत्साहाने लाभ घेतो. वर्गात टिपणे घेऊन जाणारा नवा प्राध्यापक, आणि विसाव्या वर्षी रिकाम्या हाताने व्यासपीठावर चढणारा तोच प्राध्यापक, हे आपण सर्वांनी पाहिले आहे; मी तर आरशातही पाहिला आहे. शब्दकोश उघडणे आपल्याला विद्यार्थ्यासमोर कमीपणाचे वाटते. अर्थ येत नाही हे त्याला कळू नये म्हणून आपण संदर्भावरून अंदाज बांधतो आणि तो अंदाज अधिकारवाणीने सांगतो. बहुधा तो बरोबर निघतो. म्हणूनच सवय सुटत नाही. महाभारतातला दुर्योधन जल स्तंभित करून डोहाच्या तळाशी निर्धास्त होता. त्याचा घात वर आल्यावर झाला. विद्या खोलीची असते, आणि आपण उघडे पडतो ते काठावरच्या साध्या गोष्टीत.

तेव्हा माझे उत्तर असे. गुहेत किंवा बुडालेल्या जहाजात शिरणाऱ्याने मास्कला नळी अडकवू नये. तिथे ती खरोखरच घातक आहे. उघड्या समुद्रात, जिथे बोट दूर जाऊ शकते आणि किनाऱ्यापर्यंत पोहावे लागू शकते, तिथे ती बरोबर असावी. गुंडाळून खिशात राहणारी नळी मिळते. मी आता तीच नेतो. आजवर एकदाही वापरावी लागलेली नाही. पण नळीवर विसंबून उताणे होण्याचा सराव सोडणे हाही मूर्खपणाच. तो मी दर वेळी आधी करतो.

काका गेल्यावर ते भोपळे आजी फोडून टाकील असे घरात सर्वांना वाटले होते. तिने ते पुन्हा आढ्याला टांगले. पुढच्या उन्हाळ्यात शेजारची पोरे मागायला आली, तेव्हा दोरी नवी लावून दिली आणि स्वतः काठावर जाऊन बसली. मला तिने दोनदा हाक मारली. मी गेलो नाही.