ज्याचा त्याचा पाडवा

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं औषधांचं दुकान आहे. सासऱ्यांनी ते सुरू केलं आणि फार्मसीचा डिप्लोमा झालेला असल्यामुळे लग्नानंतर मीही त्यात उभी राहिले. टाळेबंदीत सगळा बाजार बंद असायचा, तेव्हाही आमचं शटर वर असे. करोनाच्या साथीची दोन वर्षं मी काउंटरमागून पाहिली आणि निर्बंध उठल्यावर लोक काय काय बोलले, तेही तिथेच ऐकलं.

31 मार्च 2022 चा गुरुवार होता. मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीर केलं, की गुढीपाडव्यापासून, म्हणजे 2 एप्रिलपासून, राज्यातले करोनाचे सगळे निर्बंध मागे घेतले जातील. मास्क ऐच्छिक झाला. लोकलसाठी लशीच्या दोन डोसांची अट गेली. दुकानात उभ्या असलेल्या एका मुलाने मोबाइलवर बातमी मोठ्याने वाचून दाखवली. माझी अपेक्षा होती की लोक आनंदाने काहीतरी बोलतील. पण रांगेतल्या एका काकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : "किती दिवसांसाठी?"

त्यांचा संशय अनुभवातून आलेला होता. जून 2020 मध्ये सरकारने 'पुनश्च हरिओम' म्हटलं, तेव्हाही सगळं सुरळीत होईल असं वाटलं होतं. 1 फेब्रुवारी 2021 ला सर्वसामान्यांसाठी लोकल ठरावीक वेळांत सुरू झाली आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली. 15 ऑगस्टला दोन डोस घेतलेल्यांना पास मिळाले. ऑक्टोबरमध्ये शाळा, देवळं, नाट्यगृहं उघडली, तर जानेवारी 2022 च्या पहिल्याच आठवड्यात एकट्या मुंबईत एका दिवसात 20,000 हून जास्त रुग्ण सापडले आणि शाळांना पुन्हा कुलूप लागलं. इतक्यांदा उघडून मिटलेलं दार या वेळी उघडंच राहील यावर चटकन विश्वास कसा बसावा? त्या संध्याकाळी एका सोसायटीचे सेक्रेटरी मास्कचा न फोडलेला खोका परत करायला आले, आणि त्यांच्या मागोमाग एका बाईंनी तसाच खोका विकत घेतला. "स्वस्त आहेत तोवर घेऊन ठेवते," म्हणाल्या. मार्च 2020 मध्ये मास्क आणि सॅनिटायझर मिळेनासे झाले, म्हणून केंद्र सरकारला त्यांच्या किमती बांधून द्याव्या लागल्या होत्या. पुढे ऑक्टोबरात राज्य सरकारने एन-95 ची किंमत 19 ते 49 रुपयांत बसवली. त्या बाईंना हे सगळं आठवत होतं.

निर्बंध उठल्याचा खरा आनंद मला पुढच्या काही आठवड्यांत दिसला. तो गोळ्यांच्या पट्ट्यांत दिसला, असं सांगितलं तर कदाचित नवल वाटेल. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्यांची पट्टी बहुधा दहाची किंवा पंधराची असते. हाती पैसा कमी असला की माणूस अर्धी पट्टी मागतो, त्याहून कमी असला की "पाचच द्या ताई" म्हणतो. मग आम्ही कात्रीने पट्टी कापतो, बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेली बाजू आमच्याकडे ठेवतो आणि पाकिटावर तारीख लिहून देतो. साथीच्या काळात माझी कात्री सतत हातात असे. रिक्षावाले, केटरिंगला वाढपी म्हणून जाणाऱ्या बायका, मंडपवाल्यांकडची माणसं, बँडमध्ये वाजवणारे, शाळेच्या बसवर काम करणारे असे नेहमीचे लोक पाच-पाच गोळ्या नेऊ लागले होते. काही जण एक दिवसाआड गोळी घेत होते. मधुमेहाची गोळी अशी घेऊन चालत नाही, हे मी सांगायची आणि तेही मान डोलवायचे. पण लग्नाला 25 माणसं आणि सगळं कार्य दोन तासांत उरकायचं, असा नियम असताना वाढप्याला कोण बोलावणार?

त्यामुळे निर्बंध उठल्यावर नाचणाऱ्या लोकांना बेजबाबदार म्हणणं मला कधीच जमलं नाही. पाडव्याच्या सकाळी फडके रोड नऊवारी, फेटे आणि ढोल-ताशांनी भरून गेला होता. मी दुकान उघडायला निघाले तेव्हा गर्दीतून वाट काढावी लागली. दुसऱ्या दिवसापासून रमजानचे रोजे सुरू झाले. मग रामनवमी आली, मग आंबेडकर जयंती. दोन वर्षं घरातल्या घरात साजरं झालेलं सगळं एका महिन्यात रस्त्यावर आलं. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एका रिक्षावाल्या दादांनी एप्रिलच्या अखेरीस दोन पूर्ण पट्ट्या घेतल्या आणि वहीतली मागची उधारी स्वतःहून काढायला लावली. पैसे मोजून देताना म्हणाले, "आता सवारी मिळते, ताई." निर्बंध उठल्याने कोणाला काय मिळालं, असं कोणी विचारलं तर मी त्या दोन पट्ट्यांकडे बोट दाखवीन.

पण त्याच काउंटरवर दुसरी माणसंही येत होती.

एक गृहस्थ दर महिन्याला टॅक्रोलिमस न्यायला येतात. त्यांचं मूत्रपिंडाचं प्रत्यारोपण झालेलं आहे. शरीराने परकं मूत्रपिंड नाकारू नये म्हणून त्यांना प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधं आयुष्यभर घ्यायची आहेत. अशा रुग्णांत लशीचा परिणामही इतरांपेक्षा कमी होतो. 60 वर्षांवरच्या व्याधिग्रस्तांना तिसरा डोस 10 जानेवारीपासून मिळू लागला होता. यांचं वय त्याहून कमी, त्यामुळे त्यांना 10 एप्रिलपर्यंत थांबावं लागलं. त्या दिवशी तो 18 वर्षांवरच्या सर्वांना खासगी केंद्रांत खुला झाला, तोही दुसऱ्या डोसाला नऊ महिने झाले असतील तरच. पाडव्यानंतरच्या सोमवारपासून त्यांच्या ऑफिसने सगळ्यांना हजर राहायला सांगितलं होतं. डोंबिवलीहून सकाळी मुंबईला जाणारी लोकल म्हणजे काय, हे सांगायला नको.

ते दुकानात उभे असताना कॉलेजातली चार मुलं आत आली. त्यातला एक त्यांच्या मास्ककडे बघून म्हणाला, "काका, काढा आता. संपलं ते." त्याच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता, त्याला आपला आनंद वाटून घ्यायचा होता. काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी औषधाची पिशवी घेतली आणि ते थोडे बाजूला सरकले. मुलं गेल्यावर मला म्हणाले, "दोन वर्षं सगळ्यांच्याच तोंडावर होता, तेव्हा मी चारचौघांसारखा दिसत होतो. आता माझं दुखणं लोकांना लांबूनच कळणार."

हे मला आधी सुचलं नव्हतं. निर्बंधांच्या काळात आजारी आणि धडधाकट अशी सगळी माणसं एकाच नियमाखाली होती. नियम गेला आणि सांभाळून राहायची सगळी जबाबदारी त्या एका माणसावर येऊन पडली. वास्तविक खोकणाऱ्याने मास्क लावला तर आजूबाजूच्यांचं संरक्षण अधिक चांगलं होतं. शेजारी उभा असलेला माणूस उघड्या तोंडाने शिंकत असेल, तर काकांनी एकट्याने कितीही काळजी घेतली तरी ती अपुरीच ठरणार.

आमच्या मागच्या चाळीतल्या एका वहिनींची गोष्ट आणखी वेगळी. त्यांचे यजमान 2021 च्या चैत्रात, दुसऱ्या लाटेत गेले. त्या दिवसांत आमच्याकडे रेमडेसिविरच्या चिठ्ठ्या घेऊन माणसं रात्री-अपरात्री यायची आणि आम्हाला हात जोडून त्यांना परत पाठवावं लागायचं. वहिनींचा मुलगाही तशीच चिठ्ठी घेऊन आला होता. अंत्यविधीला 20 च माणसांची परवानगी होती, तीही भीतीपोटी पुरी झाली नाहीत. मामा कोकणातून येऊ शकला नाही. दिवसकार्य घरातल्या घरात झालं. मी स्वतः फोनवर चार शब्द बोलले होते, कारण दारात जाण्याची सोय नव्हती.

पाडव्याच्या दुपारी त्या दुकानात आल्या. रस्त्यावर अजून ढोल वाजत होते. त्यांना त्या आवाजाचा त्रास होत असेल असं वाटून मी दरवाजा ओढून घेऊ लागले, तर म्हणाल्या, "राहू दे. वाजू दे. पोरांनी तरी किती दिवस गप्प बसायचं?" मग त्यांनी येण्याचं कारण सांगितलं. याच महिन्यात वर्षश्राद्ध होतं. "तेव्हा कोणालाच बोलावता आलं नाही. आता अट नाही ना? सगळ्यांना बोलावणार आहे. गावाकडचे येतील, त्यांच्या कंपनीतले येतील. तुम्ही सगळ्यांनी या."

वर्षश्राद्धाला आम्ही गेलो. चाळीच्या गच्चीवर मांडव घातला होता. कोकणातला मामा आला होता, कारखान्यातले सहकारी आले होते, शाळेतले मित्र आले होते. विधी आटोपल्यावर एकेक जण बोलू लागला. कोणी यजमानांच्या हातच्या मटणाची आठवण सांगितली, कोणी उसने दिलेले आणि परत न मागितलेले पैसे आठवले. वहिनी हसत होत्या, डोळे पुसत होत्या आणि पुन्हा हसत होत्या. निर्बंध उठल्यावर लोकांनी काय केलं याच्या बातम्यांत हॉटेलं, बाजार, मिरवणुका यांचे फोटो होते. वर्षभर अडवून धरलेलं रडणं चारचौघांत रडायची मुभाही त्या दिवशी मिळाली होती. ती घेणारी घरं राज्यात थोडी नसतील. तोवर महाराष्ट्रात करोनाने 1,47,000 हून अधिक माणसं नेल्याची सरकारी नोंद होती.

जूनमध्ये मुंबई-ठाण्यात रुग्ण पुन्हा वाढले. काउंटरवर पुन्हा तोच प्रश्न सुरू झाला, "बंद करणार का हो?" या वेळी काही बंद झालं नाही. त्याच महिन्यात आळंदी-देहूहून पालख्या निघाल्या. 2020 आणि 2021 मध्ये माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला न्याव्या लागल्या होत्या, आता दिंड्या पायी चालणार होत्या. आमच्याकडे येणाऱ्या एका मावशींनी वारीसाठी ओआरएसची पाकिटं, पायाला लावायचा बाम, तापाच्या गोळ्या, चिकटपट्ट्या घेतल्या आणि जाता जाता मास्कचा एक खोका मागितला. मी म्हटलं, "मावशी, आता सक्ती नाही." त्या म्हणाल्या, "ठाऊक आहे ग. दिंडीत म्हातारी माणसं असतात. कोणाला खोकला झाला तर त्याने लावावा म्हणून." दोन वर्षांत या साथीबद्दल किती सल्ले ऐकले! त्यांतला इतका सरळ आणि शहाणा दुसरा मला आठवत नाही. वारीला जाण्याचा आनंद आणि सोबतच्या म्हाताऱ्यांची काळजी मावशींनी एकाच पिशवीत भरली होती.

आमच्या काउंटरवर मी आजही मास्क लावते, कारण तिथे आजारी माणसंच येतात. बाकी कोणी लावावा असा माझा आग्रह नाही. निर्बंध उठायलाच हवे होते. ज्यांची चूल निर्बंधांमुळे विझत चालली होती, त्यांना मी रोज पाहत होते. पण सरकारी आदेश सगळ्यांसाठी एकाच दिवशी येतो, माणसं मात्र आपापल्या वेळेने मोकळी होतात. रिक्षावाल्या दादांना महिना लागला, वहिनींना श्राद्धापर्यंत थांबावं लागलं. काकांचा पाडवा अजून आलेला नाही आणि कदाचित येणारही नाही.

म्हणून तीनच गोष्टी मागते. सर्दी-खोकला असेल तर लोकलमध्ये, बँकेत, दवाखान्यात जाताना मास्क लावा. कोणी लावलेला दिसला तर कारण विचारू नका, थट्टा तर मुळीच करू नका. आणि त्या दोन वर्षांत ओळखीच्या ज्या घरात माणूस गेलं आणि तुम्हाला भेटायला जाता आलं नाही, तिथे जाऊन या. उशीर झाला म्हणून संकोच करू नका. त्या घरातली माणसं अजून तुमची वाट पाहत असतील.