तेवढं वगळू नका

माझी थोरली बहीण बंगळूरला दासरहळ्ळीत राहते. भावोजींचं तिथून जवळच, पीण्या औद्योगिक क्षेत्रात छोटंसं वर्कशॉप आहे. तीन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि पाच माणसं. गेल्या मे महिन्यात सुट्टीला गेले, तेव्हा ताईनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "तुला लिहायला माणसं हवी असतात ना? आमच्या काकांना भेट. देवमाणूस आहे."

सत्तरच्या दशकात तुमकूर रस्त्याच्या कडेला वसलेलं हे पीण्या. आता डोक्यावरून मेट्रो जाते, पण खाली गल्लीत शिरलं की तेच जुनं जग. एका शेडमध्ये पावडर कोटिंग, शेजारी पॉवर प्रेस, त्यापुढं शिलाईचा कारखाना. बिहार, ओडिशा, तामिळनाडू, उत्तर कर्नाटक... सगळीकडची पोरं इथं पोटासाठी येतात. एकेका खोलीत सहा-सहा जण राहतात. इथं बोलली जाणारी हिंदी ऐकून हिंदीच्या मास्तरांनी डोक्याला हात लावावा, पण काम अडत नाही.

काका बेळगावकडचे, मराठी बोलणारे ख्रिस्ती. वय साठीच्या आसपास. भावोजींकडे टर्नर आहेत. तरुणपणी दारू प्यायचे, हे ते स्वतःच सांगतात. पगाराचं पाकीट घरी पोचायच्या आधीच रिकामं होई. पुढं एका पाळकांच्या संगतीनं दारू सुटली. "सुटली म्हणजे एका दिवसात नाही हं," काका म्हणाले, "चारदा सुटली. चौथ्यांदा राहिली."

दर रविवारी दुपारी त्यांच्या पत्र्याच्या खोलीत प्रार्थना होते. पंचवीसतीस माणसं येतात. पण ताई त्यांना देवमाणूस म्हणते ते प्रार्थनेमुळे नव्हे. प्रेसवर कुणाचं बोट गेलं, की इस्पितळात रात्रभर बसायला काका. ईएसआयचे कागद भरायला काका. गावाकडं बाप वारला आणि पोराजवळ तिकिटाला पैसे नाहीत, तर वर्गणी गोळा करायला काका. यात जातधर्म कुणी विचारत नाही. भावोजी तर गणपती बसवणारे, तेही वर्गणी देतात.

आता एवढी सामग्री मिळाल्यावर कोणता पत्रकार खूश होणार नाही? मनात मथळासुद्धा तयार झाला होता.

रविवारी मी प्रार्थनेला गेले. कन्नड, मराठी, मोडकी हिंदी, सगळ्या भाषांत मिळून प्रार्थना झाली. गाणी मात्र टाळ्यांवरच म्हटली. कोपऱ्यात खिळ्याला ढोलकी लटकत होती, तिला कुणी हात लावला नाही. काकांनी बायबलचा एक भाग वाचला आणि उपदेश न करता खाली बसले. मग काही वेळानं पुन्हा उठून एवढंच म्हणाले, "माझ्या हातून पाप झालंय. तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्यासाठी प्रार्थना करा."

मला ठाऊक नव्हतं. रात्री जेवताना भावोजींना विचारलं. ते आधी ताईकडं बघत राहिले, मग बोलले. दोन आठवड्यांपूर्वी मदतनीस पोरानं माप चुकवलं होतं. अठरा शाफ्ट वाया गेले. काकांनी सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली वाजवली. एकोणीस वर्षांचं पोर, ओडिशाहून आलेलं. दोन वर्षं काकांकडे जेवत होतं, रविवारी ढोलकी तेच वाजवायचं. दुसऱ्या दिवशी त्यानं दुसऱ्या शेडमध्ये काम धरलं.

"पहिल्यांदाच असं झालं का?" मी विचारलं.

भावोजींनी मान हलवली. पहिल्यांदा नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. खोटं कशाला बोलू? मला त्या पोरापेक्षा माझ्या लेखाची काळजी जास्त होती. तेवढी थप्पड वगळली तर लेख छान होणार होता. आणि वगळायला कारणंही किती सोज्ज्वळ सापडतात! म्हातारा माणूस, इतकं चांगलं काम, उगाच नाव का घालवा?

तेव्हा आठवल्या लक्ष्मीबाई टिळक.

रेव्हरंड ना. वा. टिळक आपल्याला शाळेतल्या कवितांमुळे माहीत. त्यांची ख्रिस्ती भजनं महाराष्ट्रातल्या चर्चमधून आजही म्हटली जातात. १८९५ साली त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचं जीवन थोर होतं यात शंका नाही. पण 'स्मृतिचित्रे' उघडून पाहा! भडक डोक्याचा, लहरी, न सांगता घरातून निघून जाणारा, हाती पैसा न टिकणारा नवरा पानोपानी भेटतो. त्यांच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाईंनी लहान मुलाला घेऊन चारपाच वर्षं नातलगांच्या आधारानं कशी काढली, तेही त्यात आहे. टिळकांना जे मोठेपण मिळालं, त्याची किंमत बऱ्याच वेळा त्या बाईनं मोजली.

पुढं लक्ष्मीबाई नवऱ्याकडं परत आल्या, तरी सोवळंओवळं लगेच सुटलं नाही. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्याही काही तयार संत नव्हत्या. शिक्षण जेमतेम, जोडाक्षरं लिहिताना अडणारी ही बाई पुढं अनाथ मुलं सांभाळते आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' महाकाव्य पुरं करते. टिळक १९१९ मध्ये गेले. 'स्मृतिचित्रे' पुस्तकरूपानं आली १९३४ पासून. तोवर नवऱ्याची मूर्ती घडवायला भरपूर वेळ होता. लक्ष्मीबाईंनी ती घडवली नाही. त्यांनी हसतहसत, कधी डोळ्यांत पाणी आणून, माणूस लिहिला. मला तर वाटतं, म्हणूनच टिळक आपल्याला अजून जवळचे वाटतात.

खुद्द बायबलातही कुठं सोयीचं वगळलंय? मोशेच्या हातून खून झाला होता. पेत्रानं एका रात्रीत तीनदा आपल्या गुरूला ओळखत नाही म्हणून सांगितलं. पुढं त्यांच्याच खांद्यावर काम पडलं. मात्र एक शंका माझ्या मनातून जाईना. देव अपुऱ्या माणसांकडून काम करून घेतो, हे वाक्य मार खाल्लेल्या पोरापुढं म्हणायची माझी छाती होईल का?

सोमवारी दुपारी शेडमध्ये गेले. काका लेथवर होते. मी विषय काढल्यावर मशीन बंद करून हात पुसत म्हणाले, "ही लेथ जुनी आहे ताई. स्क्रूला ढिलाई आलीय. तिची ढिलाई ओळखून चाक फिरवलं की माप बरोबर येतं. देव आमच्याकडून तसंच काम काढतो म्हणायचं."

मला उदाहरण आवडलं. वहीत लिहूनही घेतलं. तेवढ्यात डबा घेऊन आलेल्या काकू मागून म्हणाल्या, "मशीनला राग येत नाही."

काका गप्प झाले.

त्यांच्या खोलीवर मग काकूंनी मला चहा दिला. मी चाचरत विचारलं, हे सगळं लिहू की नको? बाईंनी स्टोव्हवरचं भांडं उतरवलं आणि बोलायला लागल्या. "लिवा की. ह्यांचं चांगलं लिवायला पुष्कळ जण आहेत. दारूच्या दिवसांत मी मार खाल्लाय. दारू सुटली, हात सुटायला अजून वेळ लागालाय. पण बोट तुटलेलं पोर रात्री दोन वाजता दार वाजवतंय, तेव्हा हेच उठतात, मी नाही उठत. दोन्ही खरं आहे. एकच कशाला लिवता?"

"काल सभेत त्यांनी कबूल केलं," मी म्हणाले.

"सभेत सांगायला काय लागतंय? सभेत ते पोर कुठं होतं?" काकू म्हणाल्या. "मी म्हटलंय ह्यांना, सगळ्यांसमोर मारलं, तर माफी त्याच्या नव्या शेडमध्ये जाऊन सगळ्यांसमोर मागा. नाहीतर पुढच्या रविवारी बायबल माझ्याकडं द्या, मी वाचते."

काका गेले. भावोजी बरोबर होते, त्यांनीच रात्री सांगितलं. दुपारच्या सुट्टीत, दहाबारा कामगारांसमोर, काकांनी टोपी काढून माफी मागितली. पोरानं ऐकून घेतलं. काही बोललं नाही. डबा उचलून आत गेलं.

यावर मी काय लिहावं? त्यानं माफ करायला हवं होतं, असं म्हणायचा मला हक्क नाही. काकांनी आता प्रार्थना चालवू नये, असंही माझ्यानं म्हणवत नाही. त्याच आठवड्यात प्रेसवर आणखी एकाचा हात सापडला आणि इस्पितळात काकाच बसले होते.

लेख लिहायच्या आधी ताईला फोन केला. मुलगा प्रार्थनेला अजून आलेला नाही. काका दर शनिवारी संध्याकाळी त्याच्या खोलीवर जातात. पहिले काही शनिवार दार उघडलं नाही. आता उघडतो म्हणे, पण आत या म्हणत नाही. काका दारातच उभं राहून दहा मिनिटं बोलतात आणि परत येतात. ढोलकी खिळ्यालाच आहे. काकूंनी मात्र परवा तिची शाई लावून घेतली.