अकरा दिवसांचा आराखडा : जर्मनींतील एक मोटारप्रवास

प्रवासाचें सुख प्रत्यक्ष प्रवासांत अधिक कीं त्याच्या बेतांत अधिक, हा वाद आमच्या घरीं माघापासून ज्येष्ठापर्यंत चालला होता. नोकरीनिमित्त स्टुटगार्टजवळ राहणाऱ्या आमच्या चिरंजीवांनीं, "अप्पा, यंदा आईला घेऊन याच, मी रजा काढतों आणि मोटारीनें दक्षिण जर्मनी दाखवितों," असें कळविलें. आयुष्यभर शाळेचें वेळापत्रक मीच लावीत असें; तेव्हां पासष्टी ओलांडल्यावर हें आखणीचें काम आपल्याच अधिकारांतलें आहे अशा समजुतीनें मीं कंबर कसली. त्या आराखड्याची व त्यांतील दुरुस्त्यांची हकीकत वाचकांपुढें ठेवावी असें वाटतें. आपल्यांतील पुष्कळ घरांचीं मुलेंबाळें आतां त्या बाजूस आहेत, आणि असा प्रसंग आज ना उद्यां अनेकांवर येणार आहे.

रजा अकरा दिवसांची होती. मीं नकाशा भिंतीस लावला, पट्टी घेतली, आणि अकरा दिवसांत चौदा गांवें बसविलीं. उत्तरेस हॅम्बुर्ग, पूर्वेस बर्लिन, पश्चिमेस ऱ्हाईन नदी, दक्षिणेस हिमाच्छादित पर्वत आणि बरोबर मध्यें, तांबड्या शाईनें, ग्योटिंगेन. या गांवास एवढा मान कां, तें सांगितलें पाहिजे. मी विद्यापीठाचा पदवीधर नव्हे. मॅट्रिक होऊन शाळेंत लागलों, आणि संस्कृत शिकलों तें एका वृद्ध शास्त्रीबुवांच्या ओसरीवर. त्यांच्या फडताळांतील महाभाष्य हें डॉ. कीलहॉर्न यांनीं संपादिलेलें होतें. कीलहॉर्न सुमारें पंधरा वर्षें पुण्यास डेक्कन कॉलेजांत अध्यापक होते, आणि पुढें ग्योटिंगेन विद्यापीठांत गेले. त्याच विद्यापीठानें डॉ. रामकृष्णपंत भांडारकरांस १८८५ सालीं पदवी देऊन गौरविलें. शास्त्रीबुवा त्या गांवाचें नांव काशीचें घ्यावें तसें घेत. तें पाहण्याची इच्छा मीं चाळीस वर्षें मनांत बाळगिली होती.

चिरंजीवांचा निरोप दोन दिवसांनीं आला : "अप्पा, हें तर शाळेचें वेळापत्रक झालें. पस्तीस मिनिटांचा तास आणि मग घंटा! पण घंटा झाली म्हणून दुसरें गांव वर्गाच्या दारांत येऊन उभें राहात नाहीं." त्यानें हिशेब मांडून दाखविला. स्टुटगार्टहून हॅम्बुर्ग साडेसहाशें किलोमीटरांच्या घरांत, बर्लिनही तितकेंच, आणि ग्योटिंगेन चारशें. माझ्या आराखड्याप्रमाणें निम्मा प्रवास गाडींत बसूनच झाला असता, आणि चाक धरणारा एकटा तो; सूनबाईंस रजा मिळाली नव्हती.

मग त्यानें तीन नियम घातले, ते प्रत्येक कुटुंबानें टिपून ठेवावे असे आहेत. पहिला, दिवसांत तीन तासांहून अधिक गाडी हांकावयाची नाहीं. दुसरा, होतां होईल तों एका ठिकाणीं दोन रात्रीं राहावयाचें, म्हणजे रोज सामान बांधण्याचा त्रास नाहीं. तिसरा, प्रत्येकानें एकच इच्छा सांगावयाची आणि ती इतरांनीं खोडावयाची नाहीं. त्याची स्वतःची इच्छा एका गोल गांवाची होती. तें पुढें येईल. सौभाग्यवती म्हणाल्या, "मला एकदां बर्फाचा डोंगर हातानें शिवायचा आहे." माझी इच्छा सर्वांस ठाऊक होती.

परंतु ग्योटिंगेनला जाऊन येण्यांत दोन दिवस मोडत, आणि मग पर्वताच्या वांट्यास एकच दिवस उरे. त्या दिवशीं शिखर ढगांत असलें तर? सौभाग्यवतींच्या गुडघ्यांकडे पाहतां ही यात्रा दुसऱ्यांदा घडेल असें सांगवत नव्हतें. आठ दिवस मी नकाशापुढें उभा राहून पट्टी इकडून तिकडे सरकवीत होतों. शेवटीं एका सकाळीं तांबडें नांव मीच खोडलें आणि चिरंजीवांस कळविलें.

येथें एक जुनें दुखणें उघडें करणें भाग आहे. इयत्ता आठवींत संस्कृत घ्यावयाचें कीं जर्मन, असा पर्याय मुलांपुढें आला, तेव्हां या संस्कृत शिक्षकाच्या मुलानें जर्मन घेतलें. मी तीन महिने त्याच्याशीं धड बोललों नाहीं. पुढें बोलणें सुरू झालें. पण त्यानंतर त्यानें मला कोणत्याही शब्दाचा अर्थ विचारला नाहीं, आणि मींही आपण होऊन सांगितला नाहीं. आज त्याच जर्मन भाषेच्या आधारें तो आम्हांस तो देश दाखविणार होता. ग्योटिंगेन खोडल्याचें ऐकून तो क्षणभर गप्प राहिला, मग म्हणाला, "परतीच्या वाटेवर त्युबिंगेन आहे. तुमचे रॉथ तिथलेच ना?" माझ्या मेजावर उघड्या असलेल्या पुस्तकांतील नांवें त्याच्या कानांवरून गेलीं होतीं, आणि त्यांतील एक त्याच्यापाशीं राहिलें होतें, हें मला त्या दिवशीं कळलें.

याप्रमाणें ठरलेला मार्ग असा : हायडेलबर्ग दोन रात्रीं, रोथेनबुर्ग दोन, आउग्सबुर्ग दोन, फ्यूसेन तीन, त्युबिंगेन एक, आणि मग घर. व्हिसाच्या अर्जास मुक्कामांचा तपशील व तीस हजार युरोचा आजारपणाचा विमा जोडावा लागतो, त्यामुळें आराखडा हें केवळ हौसेचें काम राहात नाहीं.

ज्येष्ठांत, म्हणजे जूनमध्यें, तेथें रात्रीं नऊपर्यंत उजेड असतो, हा मोटारप्रवासाला मोठाच लाभ. हायडेलबर्ग हें नेकर नदीच्या कांठीं वसलेलें. तेथील विद्यापीठ १३८६ सालचें. तांबड्या दगडाचा राजवाडा फ्रेंच सैन्यानें १६८९ व १६९३ सालीं उध्वस्त केला आणि पुढें १७६४ सालीं त्यावर वीज पडली. पुन्हां पुरता न बांधतां त्याचें भग्न रूपच जपलें आहे. डोंगर चढावयास दोरखंडानें ओढलेली रेल्वे आहे, म्हणून वृद्धांनीं भिऊं नये. तळघरांत सव्वादोन लाख लिटरांच्या आसपास मद्य मावेल असें लांकडी पिंप आहे. तें पाहून सौभाग्यवतींनीं, "एवढ्या पिंपांत आपल्या आळीचें वर्षाचें पाणी मावेल," एवढाच अभिप्राय दिला.

रोथेनबुर्ग तटबंदीचें गांव. अरुंद रस्ते, उतरतीं छपरें, लांकडी चौकटींच्या भिंती पाहून काळ येथें थांबला असें प्रवासी म्हणतात. परंतु तें खरें नव्हे. ३१ मार्च १९४५ रोजीं झालेल्या बॉम्बवर्षावांत तीनशेंच्या आसपास घरें व तटाचा मोठा भाग नष्ट झाला. तो तट देशोदेशींच्या लोकांच्या वर्गणींतून पुन्हां उभा राहिला आणि देणारांचीं नांवें दगडांवर कोरलीं आहेत. आम्ही तटावरून चालत तीं नांवें वाचीत गेलों. त्यांत जपानी नांवें पुष्कळ दिसलीं.

तेथून दक्षिणेस जाणाऱ्या मार्गास 'रोमँटिक मार्ग' म्हणतात. नांवावरून तो प्राचीन वाटतो, पण प्रवाशांच्या सोयीसाठीं त्याची योजना १९५० सालीं झाली. याच मार्गावर चिरंजीवांचें गोल गांव लागतें, तें नोर्डलिंगेन. सुमारें दीड कोटी वर्षांपूर्वीं तेथें आकाशांतून अशनि कोसळला आणि चोवीस-पंचवीस किलोमीटर व्यासाचें विवर झालें. त्या विवराच्या आंत हें गांव वसलें आहे. पुष्कळ काळ लोक त्यास ज्वालामुखीचें मुख समजत. १९६० सालीं शूमेकर व चाओ या शास्त्रज्ञांनीं तेथील खडकांत प्रचंड आघाताखेरीज न होणारें खनिज दाखविलें, तेव्हां उलगडा झाला. चंद्रावर जाणारे अमेरिकेचे अंतराळवीरही १९७० सालीं खडकांची ओळख करून घेण्यास येथें आले होते. आपलें लोणारचें विवर याच कुळांतलें. त्याचा व्यास मात्र सुमारें १.८ किलोमीटर. गांवाभोंवतीं २.७ किलोमीटरांचा, वर छप्पर असलेला तट आहे, त्यावरून सबंध प्रदक्षिणा घालतां येते. ती आम्हीं घातली. देवळाच्या ३५० पायऱ्यांच्या मनोऱ्यावर चिरंजीव एकटेच चढले. आम्हीं खालीं बसून संत्रीं सोललीं.

आउग्सबुर्ग येथें याकोब फुगर नांवाच्या सावकारानें १५२१ सालीं गरीब कुटुंबांसाठीं बांधलेली वसाहत आहे. ती दुसऱ्या महायुद्धांत पडली व पुन्हां उभारली गेली, आणि आजही नांदती आहे. वर्षाचें भाडें जुन्या एका नाण्याइतकें, म्हणजे आजच्या हिशेबानें ८८ सेंट. त्याखेरीज मूळ दात्यासाठीं रोज तीन प्रार्थना म्हणावयाच्या. राजवाड्यांपेक्षां हीं पिंवळट भिंतींचीं नीटनेटकीं घरें मला अधिक मोठीं वाटलीं.

फ्यूसेनजवळील नॉयश्वानश्टाइनचा किल्ला चित्रांत सर्वांनीं पाहिलेला असतो. तो मध्ययुगांतला नव्हे. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग यानें १८६९ सालीं बांधावयास घेतला. १८८६ सालीं राजाचा मृत्यु झाला, काम अपुरें राहिलें, आणि त्यानंतर थोड्याच आठवड्यांत तो लोकांस पाहण्यास खुला झाला. ज्यानें एकांतासाठीं बांधला त्याला तेथें पुरतें एक वर्षही राहावयास मिळालें नाहीं. २०२५ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारशांत घेतलें. प्रवेशाच्या चिठ्ठीवर वेळ नेमलेली असते. ती घरूनच काढून ठेवावी, आणि चढणीला अर्धा-पाऊण तास धरावा.

त्सुगश्पिट्झे हें जर्मनींतील सर्वांत उंच शिखर, २९६२ मीटर. फ्यूसेनच्या पहिल्या दोन दिवशीं तें ढगांत बुडालें होतें. तिसऱ्या दिवशीं निखळ ऊन पडलें. तीन रात्रींचा आग्रह धरला नसता तर रित्या हातांनीं परतलों असतों. दातेरी रुळांवरून चढणारी रेल्वे १९३० सालापासून वर नेते. वरच्या पठारावरील एक हिमनदी आतां इतकी झिजली आहे कीं २०२२ सालीं शास्त्रज्ञांनीं तिला हिमनदी म्हणावयाचें सोडून दिलें. सौभाग्यवतींनीं हातमोजा काढला, बर्फावर तळवा ठेवला, आणि "हात बधिर झाला हो," असें म्हणत पुष्कळ वेळ तो उचललाच नाहीं.

रस्त्यांविषयीं थोडें. गाड्या उजव्या बाजूनें चालतात. महामार्गाच्या कित्येक भागांत वेगाला मर्यादा नसून ताशीं १३० किलोमीटर हा केवळ सल्ला आहे. चिरंजीव १२० च्या वर गेले नाहींत, तरी मागील आसनावर रामरक्षा चालूच होती. मला सर्वांत आवडलें तें हें कीं, वाहनें तुंबून मंदावलीं म्हणजे डावीकडील रांग डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे सरकून रुग्णवाहिकेसाठीं मध्यें वाट मोकळी ठेवतात. शिपाई कोठें दिसत नाहीं. रविवारीं दुकानें बहुतेक बंद असतात, म्हणून शिधा शनिवारींच घ्यावा. घरून मेतकूट, लोणचें, भाजणी न्यावी. तूप व दुधाचे पदार्थ मात्र नेण्यास मनाई आहे.

शेवटचा मुक्काम त्युबिंगेन. हायडेलबर्गला पाहिलेली नेकर नदी येथें लहान व शांत भेटते. रॉथ येथें अध्यापक होते आणि विद्यापीठाचें ग्रंथालयही त्यांच्याकडे होतें. तें त्या काळीं टेंकडीवरील किल्ल्यांत असे. त्याच किल्ल्याच्या जुन्या स्वयंपाकघरांत मीशर यांस १८६९ सालीं, ज्याला आज आपण डी. एन्. ए. म्हणतों, त्या द्रव्याचा प्रथम शोध लागला. अथर्ववेदाच्या पैप्पलाद शाखेचें, काश्मीरांतून आलेलें भूर्जपत्रांवरील हस्तलिखित आजही विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहे. अशी वस्तु पाहावयाची तर आधीं पत्रव्यवहार करावा, हें चौदा गांवें आंखणाऱ्या या शिक्षकास सुचलें नव्हतें. आम्हीं ग्रंथालयाची इमारत बाहेरून पाहिली आणि किल्ल्याच्या अंगणांत येऊन बसलों.

तेथें चिरंजीवांनीं विचारलें, "अप्पा, भूर्जपत्र म्हणजे नेमकें काय?" मीं सांगितलें. मग, तें फुटत कसें नाहीं, त्यावर शाई कोणती, लिपि कोणती, असें एकामागून एक तो विचारीत गेला. लिपि शारदा, असें मीं सांगितल्यावर म्हणाला, "तुम्हांला वाचतां येते?" "नाहीं," मी म्हणालों. "मग शिकूं या कीं. पुढच्या खेपेला आधीं पत्र घालतों. जर्मनमध्यें मी लिहितों, काय पाहायचें तें तुम्ही सांगा."

परत आल्यावर आराखड्याची वही मीं कपाटांत ठेवण्यासाठीं उघडली. शेवटच्या कोऱ्या पानावर चिरंजीवांच्या अक्षरांत दोन नांवें लिहिलेलीं होतीं : ग्योटिंगेन आणि, कंसांत, त्युबिंगेन. तारखेची जागा रिकामी होती. हल्लीं सकाळीं संध्या झाल्यावर अर्धा तास मी शारदेचीं अक्षरें गिरवीत असतों.